बहात्तर किलोचं कोहळं

शालिकभाऊ फोनवर म्हणाले, "बाई, यंदाचं कोहळं माह्या कवेत मावत नाई. याचं असन तं दिवाळी झाली की या." मी साताऱ्याची. माझ्या डोळ्यांसमोर आला तो पांढुरका, राख फासल्यासारखा कोहळा, जो आमच्याकडे नव्या घराच्या दाराला टांगतात आणि ज्याचे सांडगे घालतात. कवेत न मावणारा तसला कोहळा कोणत्या दाराला टांगणार, असा प्रश्न मला पडला. गडचिरोलीकडे कोहळं म्हणजे आपला लाल भोपळा, हे मला आरमोरीच्या बाजारात उतरल्यावर कळलं. तिथल्या भाजीवालीला मी "भोपळा दाखवा" म्हटलं तर तिनं माझ्यापुढे दुधी ठेवला. लाल भोपळ्याकडे बोट केलं तेव्हा ती हसून म्हणाली, "मंग कोहळं म्हणा ना बाई!"

शालिकभाऊंची आणि माझी ओळख एका बियाण्यावरून झाली. पोस्टात सदतीस वर्षं नोकरी करून मी निवृत्त झाले आणि गच्चीवर वेल लावायच्या नादाला लागले. आम्हा हौशी लोकांमध्ये पाकिटातून बियांची देवाणघेवाण चालते. अशाच एका पाकिटात पाच रुंद, पिवळसर बिया आल्या. सोबत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी होती, "फळ मोठं होते. जागा ठेवा." खाली फोन नंबर. जागा मी काही ठेवली नाही. बी पिंपात लावली. वेल शेजाऱ्यांच्या गच्चीवर जाऊन त्यांच्या डिश अँटेनाला लटकली आणि फळ धरलं ते जेमतेम कुकरएवढं. तक्रार करायला मी फोन केला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "हत्तीले खुराड्यात ठेवलं तं तो कोंबडीएवढाच होईन ना जी." त्या दिवसापासून तीन वर्षं आम्ही फोनवर बोलत होतो. गेल्या नोव्हेंबरात मी अखेर जाऊन आले.

वाडीत

आरमोरीला शालिकभाऊ स्वतः घ्यायला आले होते. साठी ओलांडलेला, काटकुळा, निळ्या शर्टाच्या खिशात शिंप्याची टेप ठेवणारा माणूस. "जयभीम बाई," म्हणाले, माझी पिशवी घेतली आणि कुरखेड्याच्या बसकडे चालायला लागले. कुरखेड्याच्या पुढे त्यांचं गाव आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून आडवं पडलं होतं. आमच्याकडे शेत म्हटलं की उसाचा हिरवा पडदा, पलीकडचं काही दिसत नाही. इथे पाण्याच्या पातळीत आखलेल्या छोट्या छोट्या बांध्या, त्यांच्यामधून चालायला मातीच्या अरुंद पारी, आणि सगळ्याच्या शेवटी जंगलाची काळी रेघ. कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपरांवर वेली चढलेल्या आणि प्रत्येक छपरावर दोन-चार कोहळी बसलेली. मी मोजायला लागले तर शालिकभाऊ म्हणाले, "ते काई नाई बाई. ते खायचे आहेत."

घरी पोचल्यावर त्यांनी विचारलं, "आधी चहा घेता का आधी कोहळं पाहता?" त्यांच्या पत्नी, निर्मलाबाई, दारातूनच म्हणाल्या, "चहा घेऊ द्या त्याईले. कोहळं कुठी पळून राह्यलं?" पण शालिकभाऊंचा चेहरा पाहून मी म्हटलं, आधी कोहळंच.

घरामागच्या वाडीत त्यांनी चार बांबू रोवून वर पळसाच्या पानांचा मांडव घातला होता. खाली तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, जाड गादी. तिच्यावर ते बसलं होतं. 'बसलं होतं' हाच शब्द बरोबर. गर्द हिरव्यातून पिवळ्याकडे निघालेला रंग, अंगावर खोल फाका, एका बाजूला स्वतःच्याच वजनानं थोडं पसरलेलं. मी हात ठेवला. साल गार होती आणि टणक. मी वाकून दोन्ही हातांनी कवेत घ्यायचा प्रयत्न केला तर बोटं एकमेकांना दिसलीसुद्धा नाहीत.

"सावली काऊन केली?" त्यांनी माझी परीक्षा घेतली.

"उन्हानं जळू नये म्हणून?"

"ते तं आहेच. पन उन्हानं साल लवकर कडक होते. कडक झाली का अंदरचं वाढून राह्यते आन बाहेरचं वाढत नाई. मंग फुटते."

एका वेलीवर एकच फळ. बाकीची सगळी लहानपणीच खुडलेली. वेल जिथे जिथे जमिनीला टेकली तिथे पेरावर माती टाकून तिला मुळं फुटू दिलेली, म्हणजे एकाच फळाला वीस ठिकाणांहून पाणी. शालिकभाऊ रोज सकाळी टेप लावायचे आणि आकडा शाळेच्या वहीत लिहायचे. ती वही त्यांनी मला दाखवली. अकरा वर्षांच्या वह्या होत्या. प्रत्येक फळापुढे दोन रकाने, 'माय' आणि 'बाप'.

त्यांचा उद्योग असा होता. निर्मलाबाईंच्या माहेरी, धानोऱ्याकडे, लहान पण अतिशय गोड कोहळं पिकायचं. ते बी त्या लग्नात पदराला बांधून घेऊन आल्या होत्या. पुढे शालिकभाऊंना छत्तीसगडच्या एका बाजारात अवाढव्य कोहळं दिसलं. त्यांनी त्याचं बी आणून लावलं. फळ मोठं झालं आणि शिजवल्यावर पाण्यासारखं लागलं. मग त्यांनी ठरवलं की या दोघांचं लग्न लावायचं. आकार एकाचा आणि चव दुसऱ्याची, असं मूल होईपर्यंत.

"आकार मी पाह्यतो. चव ही पाह्यते," ते निर्मलाबाईंकडे हात करून म्हणाले.

"चौथ्या वर्साचं मी बैलाले टाकलं," निर्मलाबाई चहा गाळत म्हणाल्या. "तीस किलोचं होतं. वहीत बढिया लिहून ठेवलं होतं यानं. तोंडात घातलं तं ओला कापूस."

"आठ दिवस बोललो नाई मी हिच्यासंग."

"बैलानंबी अर्धंच खाल्लं, ते नाई सांगत."

त्या दिवशी रात्रीच्या जेवणात चिन्नोरचा भात होता. भांड्याचं झाकण काढलं की घरभर वास. सोबत लाखोळीची डाळ, आंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि कोहळ्याचे बोंड. शिजवलेल्या कोहळ्यात गूळ आणि कणीक कालवून तळलेले हे गोळे मी पहिल्यांदाच खाल्ले. आमच्याकडे लाल भोपळ्याला कुणी फारसा मान देत नाही. उपासाला भरीत आणि कधीमधी घारगे, एवढंच. निर्मलाबाई म्हणाल्या, विदर्भातल्या लग्नात कोहळ्याच्या भाजीशिवाय पंगत उठत नाही. मी सहा बोंड खाल्ले, आणि ते छपरावरच्या साध्या कोहळ्याचे होते.

माझ्या हातून मोडलेलं फूल

दुसऱ्या दिवशी पहाटे शालिकभाऊंनी मला लग्न लावायला नेलं.

मोठ्या फळाच्या पलीकडे त्यांनी उशिरा पेरलेली एक वेल होती. थंडी वाढायच्या आत तिच्यावर फळं धरायची होती, म्हणजे पुढच्या वर्षासाठी बियांचा आणखी एक वाण हाताशी राहिला असता. त्या वेलीवर तीन मादीफुलं आदल्या संध्याकाळी दोऱ्यानं बांधून ठेवली होती. मादीफुलाच्या खाली सुपारीएवढं कोहळं आधीपासूनच असतं, म्हणून ते ओळखता येतं. बांधायचं यासाठी, की पहाटे उमलल्यावर मधमाशी कुठल्या तरी अनोळखी वेलीचा पराग आणून टाकू नये. मोठं फळ ज्या वेलीवर होतं तिचं नरफूल शालिकभाऊंनी तोडलं, पाकळ्या सोलल्या, मधली पिवळी दांडी मोकळी केली, मादीफुलाचा दोरा सोडला आणि दांडी हळूच आत फिरवली. मग पुन्हा दोरा, वर पळसाच्या पानाची टोपी. सगळं मिनिटभरात. दुसरं फूलही तसंच.

"तिसरं तुमी करा बाई."

मी गुडघे टेकून बसले. पोस्टात लाखोंनी पाकिटं हाताळलेली बोटं आहेत माझी, मला वाटलं जमेल. दोऱ्याची गाठ सुटेना. मी जरा ओढलं आणि फुलाची मान कट्कन मोडून माझ्या हातात आली.

तीनच फुलं होती आणि त्यातलं एक मी मोडलं होतं. शालिकभाऊंनी ते माझ्या तळहातावरून उचललं, त्याच्या खालच्या इवल्या कोहळ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पह्यल्या वर्सी मी सातातले पाच मोडले होते." एवढंच. घरी गेल्यावर निर्मलाबाईंनी त्याच फुलाचं बेसनात बुडवून भजं केलं आणि माझ्याच ताटात वाढलं.

सोमीबाईंचं म्हणणं

त्याच दिवशी दुपारी वनखात्याची गाडी गावातून भोंगा लावून गेली. हत्तींचा कळप धानोऱ्याच्या बाजूनं सरकतो आहे, शेतात एकटं जाऊ नका, घरात मोहफुलं ठेवू नका. या भागात गेल्या काही वर्षांपासून छत्तीसगडातून हत्ती येतात. मला ते बातमीत वाचून माहीत होतं. पण भोंगा ऐकल्यावर वाडीत शेंगा तोडणाऱ्या निर्मलाबाईंचा हात जसा थांबला, तसं बातमीत काही नसतं.

तासाभरानं शेजारच्या बांधीवाल्या सोमीबाई आल्या. पंचावन्नच्या आसपासच्या, गोंड समाजाच्या, कपाळावर गोंदण, कमरेला विळा. नवरा वारलेला, सून आणि त्या अशा दोघीच शेती करतात. त्या सोबत आलेल्या सुनेशी गोंडीत काहीतरी बोलल्या, मग शालिकभाऊंसमोर उकिडव्या बसल्या.

"भाऊ, तुमचं कोहळं काढा."

"अजून पंधरा दिवस पाह्यजे त्याले. अंदरचं बी भरलं नाई."

"माह्यं धान कापून पडलं आहे. ओलं आहे, उचलता येत नाई. हत्तीले कोहळ्याचा वास कोसावरून येते. कोहळ्यासाठी आले तं माह्या बांधीतून येतीन." त्या थांबल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "तुमचं एक फळ आहे भाऊ. माह्यं वर्साचं खानं आहे."

हत्तीला खरंच इतक्या लांबून वास येतो का, कुणालाच नक्की माहीत नव्हतं. पण छपरांवरची कोहळी उतरवायला गावानं सुरुवात केली होती, ते दिसत होतं. शालिकभाऊ म्हणाले, "विचार करतो." सोमीबाई उठून गेल्या. भांडण नाही, काही नाही.

ते मांडवाखाली जाऊन बसले. मी थोडी लांब उभी राहिले. अकरा वर्षं माय आणि बाप लिहून ठेवायचे, आणि बाराव्या वर्षी हवं तसं मूल आलं असेल तर ते कळायच्या आधीच तोडायचं. कोवळ्या फळातलं बी पोचट निघतं, उगवत नाही. थोड्या वेळानं निर्मलाबाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"तोडल्यावरबी बी अंदर भरते ना?" त्यांनी विचारलं. "माही माय कोहळं दोन-दोन महिने घरात ठेवे. मंग फोडे."

"भरते. फळ साबूत राह्यलं तं भरते. एक चीर गेली का सडते."

"मंग साबूत नेऊ."

शालिकभाऊंनी टेप काढून शेवटचं माप घेतलं, वहीत लिहिलं आणि सोमीबाईंना हाक मारली, "ओ सोमीबाई! सुनेले पाठवा. चार मानसं लागतीन."

पारीवर

गावात पक्की इमारत म्हणजे शाळा आणि बुद्धविहार. मातीच्या घराची भिंत हत्ती खांद्यानं पाडतो, म्हणून फळ विहाराच्या मागच्या खोलीत ठेवायचं ठरलं. देठ वीतभर लांब ठेवून शालिकभाऊंनी फळ कापलं. कापलेल्या जागेतून पाण्याचे थेंब यायला लागले तेव्हा त्यांनी तिथे अंगठा धरून ठेवला, आपल्या बोटाला कापलं की आपण धरतो तसा.

धान मोजायचा काटा कुणीतरी आणला. बहात्तर किलो. टाळ्या वाजल्या. माझ्यापेक्षा ते कोहळं पंधरा किलोनं जास्त होतं. मग सुंभाच्या बाजेवर तणस, तणसावर फळ, आणि बाजेचे चार पाय चौघांच्या खांद्यावर. पुढे शालिकभाऊ आणि सोमीबाईंची सून, मागे गावातले दोघे. बांध्यांमधल्या पारीवरून मिरवणूक निघाली. संध्याकाळचं ऊन, दोन्ही बाजूंना कापलेलं सोनेरी धान, आणि खाटेवर बसून निघालेलं ते भलंमोठं कोहळं. मला राहवलं नाही. मी धावत पुढे गेले, पारीच्या मधोमध उभी राहिले आणि मोबाईल वर केला.

पार जेमतेम दोन माणसांपुरती रुंद होती. शालिकभाऊंच्या लक्षात आलं तेव्हा मी दोन पावलांवर होते. मला धक्का लागू नये म्हणून त्यांनी पाऊल बाजूला टाकलं आणि त्यांचा पाय बांधीच्या चिखलात गेला. बाज कलली. फळ गडगडलं आणि पारीवर येऊन आपटलं. फार उंचीवरून नाही. पण आवाज आला, लहानसा, कोरडा.

सगळे थांबले. शालिकभाऊ चिखलातून वर आले, फळाला प्रदक्षिणा घातली आणि खाली बसले. देठाजवळून निघालेली, वीतभर लांब, केसाएवढी बारीक चीर.

मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं." "भाऊ, माझ्यामुळे."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते फक्त चिरेवरून बोट फिरवत राहिले.

सोमीबाई मागून चालत होत्या. त्या वाकल्या, चीर पाहिली, तिच्यावर नाक नेऊन वास घेतला. "अंदरपर्यंत नाई गेली," म्हणाल्या. "सालीतच आहे. विहारात न्या. मी येतो."

अर्ध्या तासानं त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात पळसाच्या पानात गुंडाळलेला मेणाचा गोळा होता. जंगलातून मध काढतात त्या पोळ्याचं मेण, काळपट पिवळं. निर्मलाबाईंनी चिरेत हळद भरली. सोमीबाईंनी वाटीत मेण वितळवलं आणि कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब करून चीर बुजवली. शालिकभाऊ कंदिलासारखा माझा मोबाईल धरून उभे होते. काम झाल्यावर सोमीबाईंनी हात पुसले आणि म्हणाल्या, "माह्या सांगन्यावरून तोडलं. सडू द्यायचं नाई मले."

माझं परतीचं तिकीट दोन दिवसांनी होतं. ते मी रद्द केलं. निर्मलाबाईंना म्हटलं, "मला हे असं टाकून जाववणार नाही." त्या म्हणाल्या, "राहा ना बाई. पन बसून नाई राह्यचं."

धानाचे दिवस

मी बसून राहिले नाही. सकाळी विहारात जाऊन चिरेवर हात फिरवायचा, साल कुठे मऊ पडली आहे का पाहायचं, मग सोमीबाईंच्या बांधीत जायचं. धान सुकत आलं होतं आणि ते हत्ती यायच्या आत उचलायचं होतं. मला भारे बांधता येत नव्हते, म्हणून बांधलेले भारे मी डोक्यावरून शाळेच्या व्हरांड्यात नेत होते. पहिल्याच दिवशी माझा भारा वाटेत सुटला आणि मागून येणाऱ्या सुनेनं न बोलता तो पुन्हा बांधला. दुसऱ्या दिवशी तिनंच मला पीळ घालायला शिकवलं. दुपारी पारीवर बसून भात आणि जवसाची चटणी. सोमीबाई मला विचारायच्या, तुमच्याकडे जंगलात काय मिळतं? मी म्हटलं, आमच्याकडे जंगल नाही, ऊस आहे. त्यांना माझी फार कीव आली.

पाचव्या दिवशी शेवटचा भारा उचलला. सहाव्या दिवशी सकाळी निर्मलाबाईंनी मला उठवलं, "चाला बाई, पाहा."

वाडीचं कुंपण आडवं झालं होतं. मांडवाचे चारही बांबू मोडून पडले होते. तणसाची गादी विस्कटून चारी दिशांना फेकलेली, जणू खाली काहीतरी दडवलं आहे असं वाटून शोधलं असावं. मोठी वेल मुळासकट उपटून नेली होती. उशिराची वेलही गेली. तिच्यावरची दोन फळं मुठीएवढी झाली होती, त्यांच्या पळसाच्या टोप्या तेवढ्या चिखलात पडल्या होत्या. सोमीबाईंच्या रिकाम्या बांधीतून सरळ रेषेत पावलं आली होती. सुपाएवढी गोल, आणि त्यांच्यात पाणी साचायला लागलेलं. कुणाला इजा नाही, एकही घर पडलं नाही. कळप पहाटेच पलीकडच्या जंगलात गेला होता.

सोमीबाई आपल्या बांधीत एका पावलाच्या खळग्याजवळ उभ्या राहिल्या. त्यांनी हात जोडून नमस्कार केला. मग वळून शालिकभाऊंना म्हणाल्या, "वाचलं भाऊ." आपलं धान की त्यांचं कोहळं, ते त्यांनी सांगितलं नाही.

आता त्या वाणाचं यंदाचं सगळं बी एकाच ठिकाणी होतं, विहाराच्या खोलीत, मेणानं बुजवलेल्या चिरेच्या आत.

फोडणी

अकराव्या दिवशी माझ्या बोटाला देठाजवळ साल किंचित दबल्यासारखी लागली. मी शालिकभाऊंना बोलावलं. त्यांनी दाबून पाहिलं, वास घेतला. "आता थांबता येत नाई," म्हणाले.

विहाराच्या ओट्यावर अर्धं गाव जमलं. शालिकभाऊंनी विळा निर्मलाबाईंच्या हातात दिला. त्यांनी मेणाच्या रेषेवरूनच पहिला वार केला आणि चौघांनी ओढून फळ उघडलं. आत झेंडूच्या रंगाचा, मनगटाएवढा जाड गर होता. मधल्या जाळीत बिया दाटीवाटीनं बसल्या होत्या. शालिकभाऊंनी हात घालून मूठभर काढल्या आणि बादलीतल्या पाण्यात सोडल्या. भरलेलं बी बुडतं, पोचट बी तरंगतं, हे त्यांनी मला फोनवर कितीदा सांगितलं होतं. आम्ही सगळे बादलीवर वाकलो.

सुरुवातीला सगळ्या तरंगल्या. मी डोळे मिटले. शालिकभाऊंनी हातानं पाणी ढवळलं, बियांना चिकटलेला गर सुटला, आणि एकेक बी हळूहळू खाली जायला लागलं. सगळ्या नाही. निम्म्याहून थोड्या जास्त. बादलीच्या तळाशी पिवळसर थर दिसायला लागला तेव्हा ते तिथेच ओट्यावर मांडी घालून बसले आणि शर्टाच्या बाहीनं चेहरा पुसला.

पण निकाल अजून बाकी होता. निर्मलाबाईंनी एक फाक घरी नेली, तेल-जिऱ्याशिवाय नुसती मीठ-पाण्यात वाफवली. फोडणी नाही, तिखट नाही, गूळ नाही. एक फोड त्यांनी तोंडात घातली. शालिकभाऊ चुलीपासून लांब, दाराच्या चौकटीला धरून उभे होते. निर्मलाबाईंनी दुसरी फोड घेतली. मग तिसरी.

"आता बोलशीन का नाई?" ते म्हणाले.

"खाऊ तं द्या," त्या म्हणाल्या आणि चौथी फोड घेतली.

मला वाटतं, अकरा वर्षांत शालिकभाऊंना मिळालेलं हे सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र असावं. त्यांनी वही काढली आणि त्या फळापुढे काहीही लिहिलं नाही, नुसती पेन्सिल हातात धरून बसले. मीही एक फोड खाल्ली. रताळ्याची गोडी आणि कच्च्या शेंगदाण्याचा वास, दाताखाली घट्ट. आमच्या मंडईतल्या भोपळ्याशी त्याचं नातं सांगायला मला लाज वाटेल. गर घरोघरी वाटला गेला. पहिली फाक सोमीबाईंच्या घरी गेली, ती मीच घेऊन गेले.

निघायच्या सकाळी बिया राखेत घोळून सुकवलेल्या होत्या. शालिकभाऊंनी त्यांचे वर्तमानपत्राच्या कागदात चार सारखे वाटे केले. एक स्वतःकडे ठेवला. एक सोमीबाईंना दिला. एक निर्मलाबाईंच्या माहेरी, धानोऱ्याकडे जायचा होता. चौथी पुडी त्यांनी माझ्यासमोर धरली.

मी हात मागे घेतला. म्हटलं, "भाऊ, मी फूल मोडलं. फळ पाडलं. माझ्याकडे जमीनही नाही, पिंप आहे."

"लावा नका लावू, ते तुमचं तुमी पाहा," ते म्हणाले. "सगळं बी एका जागी ठेवलं तं काय होते, पाह्यलं ना आपन?" मग पुडी माझ्या पिशवीत सरकवत त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "तुमच्या साताऱ्याले हत्ती येत नाईत ना जी?"

"नाही येत," मी म्हटलं.

"मंग ठेवा तिकडे."